समोर नसलेला श्रोता

'पॉडकास्ट' हा शब्द जन्माला येऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनमधील 'गार्डियन' दैनिकात बेन हॅमर्स्ले या पत्रकाराने हौशी मंडळींच्या या नव्या ध्वनिप्रक्षेपणाला काय म्हणावे, असा प्रश्न टाकून दोन-तीन नावे सुचविली होती, त्यांपैकीच हे एक. ज्या 'आयपॉड' यंत्रावरून ते घडले, त्याचे उत्पादन २०२२ साली थांबले. शब्द मात्र मराठी घरांत चांगलाच रुळला. लोकलच्या गर्दीत उभा असलेला कारकून, पहाटे फिरायला निघालेले निवृत्त शिक्षक, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी गृहिणी आणि परदेशात मोटार चालवीत कामावर जाणारा मराठी अभियंता, या सर्वांच्या कानांत आज कोणी ना कोणी बोलत असते. बोलणाऱ्यांचीही वाण नाही. बरा मायक्रोफोन, एक संगणक आणि दार बंद करता येईल अशी खोली एवढ्या भांडवलावर कोणालाही निवेदक होता येते.

तरीही यांतील अनेक मालिका पाच-सात भाग झाले की गुपचूप बंद पडतात. आरंभी भेटलेला श्रोता तिसऱ्या-चौथ्या भागाला परत येत नाही. मग दोष दिला जातो तो जाहिरातीच्या अभावाला, यंत्राला, संकेतस्थळाच्या अगम्य गणिताला, आणि अखेरीस 'मराठी माणूस ऐकतच नाही' या सोयीस्कर निष्कर्षाला. बोलताना बोलणाऱ्याच्या मनःचक्षूंसमोर ऐकणारा होता काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

महाराष्ट्र हा बोलक्या माणसांचा प्रांत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आजही टिकून आहे. गणेशोत्सवाच्या मांडवांनी तर कित्येक पिढ्यांना वक्तृत्वाचे धडे दिले. परंतु या साऱ्या परंपरेत श्रोता समोर बसलेला असतो. कीर्तनकाराचेच पाहा. पूर्वरंगातील निरूपण जरा लांबले आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली, की तो टाळ्यांच्या गजरात नामघोष करवून घेतो, सभा पुन्हा एका सुरात आणतो आणि मगच पुढे जातो. गाडगे महाराजांचे कीर्तन म्हणजे तर लोकांशी चाललेली प्रश्नोत्तरेच. ते वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकीत, समोरच्यांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तराला धरूनच पुढचा प्रश्न विचारीत. श्रोत्याच्याच तोंडून त्याची चूक वदवून घेण्याची ती हातोटी होती. समोर माणसे नसती, तर ते कीर्तन पहिल्या प्रश्नापाशीच अडले असते.

बंद खोलीतील निवेदकाच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. हशा ऐकू येत नाही, जांभई दिसत नाही, कोणी उठून गेले तरी कळत नाही. म्हणूनच सभा गाजविणारे नामांकित वक्ते मायक्रोफोनपुढे एकटे बसले की बिचकतात, अथवा समोर मैदान भरले आहे असे समजून आवाज चढवितात. मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविण्यासाठी जो आवाज लावावा लागतो, तोच इअरफोनमधून थेट कानाच्या पडद्यावर आदळला की ऐकणारा पहिले काम करतो ते आवाज कमी करण्याचे, आणि दुसरे बंद करण्याचे. ध्वनिमुद्रित बोलणे हे भाषण नव्हे. ते ओसरीवर, माजघरात, एकाने एकाशी करावयाचे बोलणे आहे. रेडिओ नुकता जन्मला होता त्या १९२०च्या दशकात बीबीसीच्या भाषणविभागाच्या पहिल्या प्रमुख हिल्डा मॅथेसन यांनी हे ओळखले होते. नामवंत प्राध्यापक आणि राजकारणी यांना सभेची सवय सोडायला लावून एका व्यक्तीशी बोलावयास शिकविणे, हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसले होते.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे याचा वस्तुपाठ घालून दिला तो मुंबईतील एका तरुणाने.

बंद खोलीतून घराघरांत

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे निस्सीम उपासक असलेले केसकर यांना चित्रपटगीतांचे वावडे होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण श्रोत्याला काय ऐकवावे हे ठरविताना त्याला काय ऐकावेसे वाटते, हे विचारायचे राहून गेले. श्रोत्याने मोर्चा काढला नाही. त्याने फक्त काटा फिरविला आणि तो रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवला. तेथे त्याच वर्षाच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. निवेदक होते वयाची वीस वर्षेही पूर्ण न झालेले अमीन सयानी. आकाशवाणीला आपला श्रोता परत मिळविण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली.

आजच्या पॉडकास्टकर्त्याने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही, की सयानी कोलंबोला बसून बोलत नव्हते. कार्यक्रमाचे मुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने सिलोनला जात. म्हणजे तोच बंद कक्ष, तोच मुका मायक्रोफोन, आणि आज उच्चारलेले वाक्य काही दिवसांनी कोठे तरी ऐकणारा तोच अदृश्य श्रोता. आजच्या निवेदकाची स्थिती त्याहून वेगळी नाही. उलट त्याच्यापाशी साधने अधिक आहेत.

त्या तरुणाने अंतर कापले ते पत्रांच्या आधाराने. सुरुवातीला कार्यक्रमाचे स्वरूप साधे होते. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि अचूक क्रम लावणाऱ्यांना बक्षीस द्यायचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत असत. संहिता लिहिणे, ती सादर करणे आणि पत्रे तपासणे या सर्व कामांचे मिळून आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. या मोबदल्याकडे पाहून कोणीही पत्रांचा ढीग दुसऱ्यावर ढकलला असता. पण ती पत्रेच त्यांची शाळा झाली. कोणत्या गावात कोण ऐकते, कोणता शब्द कळत नाही, कशाने हसू येते, हे त्यांना तेथे समजले. पुढे गाण्यांची लोकप्रियता ठरवितानाही केवळ तबकड्यांच्या खपावर न विसंबता गावोगावच्या श्रोता संघांचे मत घेतले जाऊ लागले. ऐकणाऱ्याला कार्यक्रमात वाटेकरी करून घेतल्यावर तो कार्यक्रम त्याच्या घरचा होतो, हे त्यामागचे साधे गणित.

त्यांच्या भाषेची घडणही अशीच मुळापासून झालेली. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवीत. नवसाक्षर प्रौढांसाठी असलेले हे पत्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, आणि त्याची भाषा अगदी सोपी असावी असा दंडक होता. पोरवयात त्या कामात हातभार लावताना अवघड शब्द गाळण्याची सवय अमीनभाईंना लागली. मजेची बाब अशी की, त्यांचे शिक्षण गुजराती-इंग्रजी वातावरणात झालेले. आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत उच्चारांवरील त्या छापेमुळे आपण नाकारले गेलो, हे तेच पुढे हसत हसत सांगत. जन्मजात गोड गळा, ईश्वरी देणगी वगैरे कौतुकाच्या गोष्टी आपण नंतर रचतो. प्रत्यक्षात ती पत्रे आणि ते पाक्षिक यांची मेहनत होती. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते अशा माणसांनाही आपल्या घरातले कोणी गेल्याची हुरहूर वाटली.

त्यांचे 'बहनो और भाइयो' सर्वांच्या स्मरणात आहे. देशभरची भाषणे 'भाइयो और बहनो'ने सुरू होत असताना त्यांनी बहिणींना आधी ठेवले. ही शब्दांची अदलाबदल वाटते तेवढी किरकोळ नाही, आणि मराठी निवेदकाने तर तिचा विचार अधिकच बारकाईने केला पाहिजे.

'तुम्ही' कोण?

मराठीने निवेदकाला एक मोठी देणगी दिली आहे, ती म्हणजे 'तुम्ही' हे सर्वनाम. ते अनेकांनाही चालते आणि एका आदरणीय व्यक्तीलाही. 'मंडळी', 'मित्रांनो', 'श्रोतेहो' म्हटले की कानांपुढे सभा उभी राहते आणि एकटा बसलेला श्रोता त्या काल्पनिक गर्दीत मागे ढकलला जातो. 'तुम्ही' म्हटले की प्रत्येकाला ते आपल्यालाच म्हटले असे वाटते. पण याच भाषेत एक खाचही आहे. आपली क्रियापदे लिंगानुसार बदलतात. 'दिवसभराच्या कामाने तुम्ही दमला असाल' असे निवेदक सहज बोलून जातो, आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई त्या वाक्यातून नकळत बाहेर पडते. 'दिवसभराच्या कामाने थकवा आला असेल' म्हटले तर ती आत राहते. कोणी यासाठी तक्रार करणार नाही, हे खरे. परंतु अर्ध्या तासात दहा वेळा वाक्याबाहेर राहावे लागले, तर हे बोलणे आपल्यासाठी नाही असे तिला का वाटू नये?

उच्चारांचेही तसेच. मराठीत महाप्राण व्यंजने भरपूर. फ, भ, ख, घ यांच्यासोबत तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो मायक्रोफोनवर आदळून फटकारा उमटतो. तोंड आणि मायक्रोफोन यांत साधारण एका वितीचे अंतर ठेवले व यंत्र किंचित तिरके धरले, की पुष्कळ काम होते. खोलीचा घुमारा घालविण्यासाठी महागडा कक्ष लागतो असेही नाही. गाद्या, पडदे आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट या मध्यमवर्गीय घरातल्या वस्तू पुरेशा होतात. या तांत्रिक बाबी क्षुल्लक वाटतील, परंतु ऐकणाऱ्याच्या कानाला त्रास होणार नाही एवढी काळजी घेणे हे आतिथ्याचेच अंग आहे. पाहुण्याला बसायला देताना आपण पाट पुसून देतोच ना?

इंग्रजी शब्दांच्या प्रश्नाला मात्र थोडे थांबून हात घालावा लागेल. 'पॉडकास्ट', 'मोबाईल', 'रेल्वे' हे शब्द आता आपलेच आहेत. त्यांना हुडकून हाकलण्यात अर्थ नाही. पण 'बेसिकली', 'लिटरली', 'यू नो' यांच्या कुबड्या घेऊन चालणारे मराठी ऐकले की निवेदक कोणाशी बोलत आहे, असा प्रश्न पडतो. तो आपल्या दहा मित्रांशी बोलत असतो. परभणीची शिक्षिका किंवा चिपळूणचा दुकानदार त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. दुसऱ्या टोकाला, कोशातून उचललेली जड मराठी वापरून श्रोत्याची परीक्षा घेणारेही आहेत. आणि परदेशातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांच्या कानांवर घराबाहेरची मराठी पडण्याचे जे थोडे मार्ग उरले आहेत, त्यांत हे ध्वनिमुद्रित बोलणे एक आहे. तेथे भेसळही नको आणि कडबाही नको.

आपल्याकडे आकाशवाणीने हा तोल सांभाळून दाखविला होता. मुंबई केंद्रावरील 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' यांतील मीना वहिनी आणि टेकाडे भावजी हे महाराष्ट्रातील असंख्य घरांना आपल्या चाळीतले शेजारी वाटत. त्यांच्या तोंडी घरातली भाषा होती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून सुरू झालेल्या 'गीतरामायणा'ने दुसरी एक गोष्ट शिकविली. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर, न चुकता छप्पन्न गीते प्रसारित झाली, या नेमाकडे सहसा लक्ष जात नाही. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, ते भक्तीने हे खरेच. पण शुक्रवारी सकाळी नवे गीत येणारच, या खात्रीनेही. आजचा पॉडकास्टकर्ता मनात येईल तेव्हा भाग टाकतो, महिनाभर गायब होतो, आणि परतल्यावर श्रोता गेला कोठे म्हणून खंत करतो. नेम मोडणाऱ्याकडे कोणी किती दिवस वाट पाहत बसावे?

पाहुणा आणि ताट

सध्या पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन मायक्रोफोन आणि दीड-दोन तासांची मुलाखत असे समीकरण झाले आहे. यातले काही उपक्रम खरोखर चांगले आहेत. पण अनेकदा असे दिसते की, पाहुणा बोलत असताना निवेदक पुढच्या प्रश्नाच्या कागदात डोके घालून बसलेला असतो. पाहुणा सहज बोलून जातो, 'त्या काळात मी जवळजवळ सर्व सोडून दिले होते.' येथे घरी ऐकणारा प्रत्येक जण कान टवकारतो. आणि निवेदक म्हणतो, 'क्या बात है! आता पुढचा प्रश्न.' श्रोत्याचा धागा तेथेच तुटतो. निवेदक हा त्या खोलीतील श्रोत्याचा प्रतिनिधी असतो. श्रोत्याला जे विचारावेसे वाटले ते त्याने विचारले पाहिजे, आणि पाहुणा क्षणभर गप्प झाला तर ती शांतता भरून काढण्याची घाई करता कामा नये. चांगल्या निवेदकाचे अर्धे कसब ऐकण्यात असते, हे तबल्याची साथ ऐकलेल्या कोणालाही पटेल.

मागण्याचीही एक वेळ असते. पहिले मिनिट संपत नाही तोच 'सबस्क्राईब करा, बेल दाबा, शेअर करा' सुरू होते. कीर्तनात आरतीचे ताट फिरते ते अखेरीस. आख्यान मनाला भिडले असेल तर माणूस खिशात हात घालतोच. बुवांनी नमनालाच ताट फिरविले असते, तर मंडप रिकामा झाला असता.

विश्वासाची जोखीम

आता मुद्दा जरा गंभीर. १९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ-दूरचित्रवाणीच्या निवेदकांविषयी एक निबंध लिहिला. श्रोत्याला निवेदक आपला स्नेही वाटू लागतो, प्रत्यक्षात हे नाते एकतर्फी असते, आणि तरीही त्याचा परिणाम खऱ्या स्नेहासारखा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दूरचित्रवाणीपेक्षाही हे कानात बोलणाऱ्याला अधिक लागू पडते. दर आठवड्याला तासभर कानाशी बोलणाऱ्याचे म्हणणे माणूस फारसे तपासत नाही. स्नेह्याचे कोण तपासतो?

म्हणूनच 'पाहुणा बोलला, मी फक्त विचारले' ही पळवाट निवेदकाला शोभत नाही. मधुमेह अमुक काढ्याने समूळ जातो, असे पाहुण्याने ठासून सांगावे, निवेदकाने कौतुकाने मान डोलवावी, आणि ते ऐकून एखाद्या आजोबांनी चालू औषध बंद करावे, तर तो दोष कोणाचा? इतिहासाच्या बाबतीतही हेच. आपल्या थोर पुरुषांविषयी ऐकीव, रचलेल्या गोष्टी सांगून टाळ्या मिळतात. आपल्याच माणसांना त्या आवडतात म्हणून त्या खऱ्या ठरत नाहीत. कागदपत्रे पाहिल्यावाचून केलेले गुणगान अखेर त्या पुरुषांवरच उलटते. चूक झाली तर पुढच्या भागाच्या आरंभीच ती स्पष्ट शब्दांत दुरुस्त करावी. वृत्तपत्राची जुनी प्रत रद्दीत जाते, पण मुद्रित आवाज दहा वर्षांनीही तसाच कोणाच्या तरी कानांत पडत राहतो. जाहिरातीचा मजकूर निवेदकाने आपल्याच जिव्हाळ्याच्या स्वरात वाचायचा आणि तो पैसे घेऊन वाचला हे सांगायचे नाही, ही चाल तर सरळ फसवणूक आहे.

विश्वास गेला की श्रोता कसा वागतो, हे या देशाने पाहिले आहे. २६ जून १९७५च्या सकाळी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरूनच झाली. त्यानंतर त्या केंद्रांवरून सारे काही सुरळीत असल्याचे रोज सांगितले जात होते. आवाज तेच होते, उच्चार तितकेच निर्दोष होते. पण 'ऑल इंदिरा रेडिओ' अशी तिची थट्टा होऊ लागली, आणि घराघरांत दारे लोटून, आवाज बारीक करून बीबीसी लावली जाऊ लागली. सेन्सॉरला छपाई रोखता आली. काटा फिरविणारी बोटे रोखता आली नाहीत.

आजच्या निवेदकाला काटा कधी फिरला, हे सेकंदासह कळते. कोणत्या मिनिटाला किती जण निघून गेले याचा आलेख त्याच्या पडद्यावर येतो. हे साधन उपयुक्त आहे, परंतु तो आलेख 'केव्हा' एवढेच सांगतो. 'का' हे श्रोत्याला विचारल्यावाचून समजत नाही. शिवाय आकड्यांचा मोह वाईट. एखाद्या भागाला दोनशेच जण लाभले म्हणून खट्टू होणाऱ्याने आठवावे की, तालुक्याच्या गावातील व्याख्यानाला दोनशे माणसे आली तर संयोजक सतरंज्या कमी पडल्याचे अभिमानाने सांगत असत. त्या दोनशेंपैकी वीस जणांनी दोन ओळी लिहून पाठविल्या, तर त्या वाचाव्यात, त्यांना उत्तर द्यावे, आणि त्यांतील चांगला प्रश्न नावागावासह पुढच्या भागात घ्यावा. आज झारखंडात असलेले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव साऱ्या देशाला ठाऊक झाले, ते तेथल्या रसिकांनी फर्माइशीची पत्रे धाडण्याचा सपाटा लावला म्हणून आणि निवेदकांनी त्या गावाचे नाव न कंटाळता प्रत्येक वेळी उच्चारले म्हणून.

आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्येही गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांच्या नावांची ही लांबलचक यादी वाचली जाई. सांगलीचे अमुक, त्यांचे बंधू, वहिनी, बाळ, आणि शेजारचे काका. पत्र पाठविलेले घर श्वास रोखून ती यादी ऐके. आपले नाव आले की पोरे उड्या मारीत शेजारी सांगायला धावत, आणि त्या गडबडीत गाणे बहुधा ऐकायचे राहूनच जाई.